खाऱ्या पाण्यातील माशांचे परजीवी रोग: आधी निदान, मग औषध

खाऱ्या पाण्याच्या टाकीतील एखादा मासा अंग घासू लागला किंवा त्याच्या परांवर ठिपके दिसले की हात लगेच औषधाच्या बाटलीकडे जातो, आणि कित्येकदा मासा रोगापेक्षा या घाईनेच दगावतो. तांब्याचे औषध दोन परजीवींवर उत्तम चालते, पण तितक्याच घातक असलेल्या आणखी दोन-तीन परजीवींवर त्याचा काहीही उपयोग नसतो. पाण्याची क्षारता उतरवल्याने पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आटोक्यात येतो, मात्र मखमली रोगाचा परजीवी त्याच पाण्यात खुशाल वाढत राहतो. त्यामुळे समोरचा परजीवी कोणता, हे शक्य तितक्या खात्रीने ठरवणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे. पुढचे बहुतेक काम त्या परजीवीच्या जीवनचक्रातील दिवस नीट मोजण्याचे असते.

निरीक्षणाची पद्धत

कोणत्याही निष्कर्षावर येण्यापूर्वी पाण्याची चाचणी करावी. अमोनिया किंवा नायट्राइट वाढलेले असेल, सामू घसरलेला असेल किंवा प्राणवायू कमी पडत असेल, तर मासे जोरजोराने श्वास घेतात, पृष्ठभागाशी येतात आणि दगडांवर अंगही घासतात. परजीवीची लक्षणे नेमकी हीच असतात. टाकीतील सर्व मासे एकाच वेळी अस्वस्थ झाले असतील, तर संशय आधी पाण्यावर घ्यावा. एकापासून सुरू होऊन दोन-चार दिवसांत इतरांकडे पसरलेला त्रास असेल, तर परजीवीची शक्यता वाढते. गेल्या काही आठवड्यांत नवा मासा, प्रवाळ किंवा दगड टाकीत आला असेल, तर ती आणखी वाढते.

पाणी ठीक असेल तर टाकीचे दिवे बंद करावेत, खोलीत अंधार करावा आणि विजेरीचा झोत माशाच्या अंगावर बाजूने तिरका पाडावा. समोरून उजेड पडला की बारीक धुरळा दिसत नाही. तिरक्या उजेडात तो लगेच उठून दिसतो. कल्ल्यांच्या झाकणांची उघडझाप मिनिटभर मोजावी. निरोगी माशाचा श्वासाचा वेग जातीनुसार बराच बदलतो, म्हणून आपल्या प्रत्येक माशाचा नेहमीचा आकडा तो धडधाकट असतानाच लिहून ठेवणे फार उपयोगी पडते. मासा अन्नाकडे झेपावतो का, तोंडात घेतलेले अन्न थुंकतो का, एकाच बाजूचा कल्ला हलवतो का, पंपाच्या प्रवाहात तोंड धरून उभा राहतो का, उजेड टाळतो का, हेही नोंदवावे.

पांढरे ठिपके

मासे पाळणारे ज्याला नुसते ‘इच’ म्हणतात, त्या रोगाचा समुद्री परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. गोड्या पाण्यातील इचशी त्याचे साम्य केवळ दिसण्यापुरते आहे, म्हणून गोड्या पाण्यासाठीचे औषध किंवा सल्ला इथे चालत नाही. अंगावर आणि परांवर मिठाच्या बारीक कणाएवढे, सुटे सुटे, मोजता येतील असे ठिपके दिसतात. सर्जनफिश आणि टँग या गटातील मासे त्याला विशेष बळी पडतात.

या रोगात फसवणूक होते ती त्याच्या चक्रामुळे. माशाच्या त्वचेखाली परजीवी साधारण ३ ते ७ दिवस राहून पोसला जातो. मग तो, बहुधा अंधारात, मासा सोडतो, तळाशी किंवा दगडावर चिकटतो आणि स्वतःभोवती कोश करतो. कोशात त्याचे विभाजन होऊन शेकडो पोहणारी पिल्ले तयार होतात, आणि ती काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी बाहेर पडतात. एखादा कोश ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला मात्र एक-दोन दिवसांतच मासा गाठावा लागतो. नाही तर ते मरते. म्हणजे ठिपके नाहीसे झाले, याचा अर्थ परजीवी माशावरून उतरून तळाशी गेला, एवढाच. त्याच सुमारास टाकीत लसणाचा अर्क, वनस्पतिजन्य द्रव किंवा प्रवाळांना सुरक्षित म्हणवणारे एखादे औषध घातलेले असेल, तर श्रेय त्या बाटलीला मिळते. पुढच्या फेरीत ठिपके दुपटीने परत येतात, तेव्हा तो रोग नवा समजला जातो. अशा औषधांवर पैसे खर्च न करणे बरे. अतिनील किरणांच्या यंत्राने पोहणाऱ्या पिल्लांची संख्या कमी होते, पण टाकी निर्जंतुक होत नाही. स्वच्छता करणाऱ्या कोळंबीचीही हीच गत: ती माशाच्या अंगावरून काहीबाही वेचत असली, तरी त्वचेखाली बसलेला हा परजीवी तिच्या आवाक्याबाहेर असतो.

मखमली रोग

अमायलूडिनियम ओसेलॅटम हा परजीवी जास्त वेगाने मारतो. संशोधक ब्राउन यांनी १९३१ मध्ये त्याचे वर्णन केले आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीला १९५१ मध्ये त्यांनीच नाव दिले. या छंदाचे दोन सर्वांत मोठे शत्रू एकाच नावाशी जोडलेले आहेत, ही गंमतच म्हणायची. मखमली रोगात ठिपके मोजता येत नाहीत. अंगावर करड्या-सोनेरी धुळीचा पातळ थर दिसतो, तोही बहुधा उशिरा, कारण परजीवी आधी कल्ल्यांवर बसतो. त्यामुळे अंग स्वच्छ दिसत असताना श्वास वाढलेला, अन्न सोडलेले, मासा प्रवाहात तोंड घालून उभा आणि उजेडापासून दूर, असे चित्र असेल तर धूळ दिसण्याची वाट पाहू नये. दोन-तीन दिवसांत अख्खी टाकी रिकामी होऊ शकते. एका कोशातून २५६ पर्यंत पिल्ले बाहेर पडतात, आणि पाण्याच्या उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांबरोबर ती शेजारच्या टाकीतही पोचतात. म्हणून आजारी टाकी आणि निरोगी टाकी यांत किमान ३ मीटर अंतर असावे, आणि जाळी, नळी, हात यांपैकी काहीही दोन्हींकडे सामाईक नसावे.

बाकीचे परजीवी

ब्रुकलिनेला होस्टिलिस हा क्लाउनफिशचा खास शत्रू मानला जातो, जरी तो इतर माशांनाही होतो. अंगावरचा बुळबुळीत थर जाड होऊन त्याची पांढरट साले सुटू लागतात, रंग फिका पडतो, श्वास वाढतो. हा परजीवी कोश करत नाही, माशावरच दुभागून वाढतो. त्यामुळे त्याला थांबावे लागत नाही आणि एका-दोन दिवसांत परिस्थिती हाताबाहेर जाते. समुद्रातून नुकत्याच पकडून आणलेल्या क्लाउनफिशच्या अंगावर साल सुटताना दिसली, तर सूक्ष्मदर्शक नसला तरी हेच निदान धरून चालावे.

युरोनेमा मरिनम एरवी जीवाणूंवर जगतो आणि संधी मिळताच माशाच्या मांसात शिरतो. क्रोमिस आणि अँथिअस या माशांच्या बाजूला लालसर, खरचटल्यासारखा चट्टा दिसतो. चट्टा बाहेर दिसेपर्यंत परजीवी आतल्या अवयवांत पोचलेला असू शकतो, आणि मग बाहेरून दिलेले औषध क्वचितच कामी येते. असा मासा लगेच वेगळा करावा, कारण मेलेल्या माशावर हा परजीवी जोमाने वाढतो.

चपटे कृमी, म्हणजे फ्लूक, एंजलफिश आणि बटरफ्लायफिश यांच्यावर वारंवार आढळतात. डोळे धुरकट होणे, मान झटकणे, अंग घासणे, एका कल्ल्याने श्वास घेणे ही त्यांची चिन्हे होत. निओबेनेडेनियासारखे मोठे फ्लूक काही मिलिमीटर लांबीचे असूनही जिवंतपणी पारदर्शक असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पिवळ्या टँगच्या अंगावर उठणारे काळे ठिपके वेगळ्या जातीच्या चपट्या कृमींचे असतात. दिसायला भयानक, पण उपचाराला तुलनेने सोपे.

परांच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी वाढ दिसली आणि ती दिवसेंदिवस जागची हलली नाही, तर तो लिम्फोसिस्टिस हा विषाणूजन्य विकार असतो. त्यावर औषध नाही; चांगले अन्न आणि शांत टाकी मिळाली की तो बहुधा आपोआप ओसरतो. पांढरे ठिपके समजून अशा माशाला तांब्यात ठेवणे ही निव्वळ शिक्षा आहे.

सूक्ष्मदर्शक आणि गोड्या पाण्यातील बुडी

साधा विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक, ४० ते १०० पट वर्धनाचा, या कामाला पुरतो. ओल्या हाताने मासा धरून, काचपट्टीच्या कडेने कल्ल्यांच्या झाकणामागील अंगावरून शेपटीच्या दिशेने एकदाच हलकेच खरवडावे. मिळालेला बुळबुळीत अंश टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप टाकावी आणि लगेच पाहावे, कारण परजीवी मेल्यावर आकार हरवतो आणि हालचाल हीच निम्मी ओळख असते. क्रिप्टोकॅरिऑन काळपट, गोलसर दिसतो आणि जागच्या जागी सावकाश गरगरतो. उजेड नीट जुळवला तर आत चार भागांचे केंद्रक दिसते. अमायलूडिनियम तपकिरी, नासपतीच्या आकाराचा आणि निश्चल असतो. ब्रुकलिनेला मूत्रपिंडाच्या आकाराचा असून सरकत फिरतो. युरोनेमा त्याहून लहान, थेंबासारखा निमुळता आणि इतका चपळ असतो की नजरेत ठरत नाही. नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा तुकडाही असाच तपासता येतो. काही तास पडून राहिलेल्या माशाचा मात्र उपयोग नसतो.

सूक्ष्मदर्शक नसेल तर गोड्या पाण्यातील बुडी हे निदानाचे आणि तात्पुरत्या आरामाचे, दोन्हींचे साधन ठरते. क्लोरीन काढलेले किंवा आरओचे पाणी काळ्या तळाच्या भांड्यात घ्यावे, त्याचे तापमान टाकीएवढे करावे, खाण्याचा सोडा घालून सामू ८.२ च्या आसपास आणावा आणि हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांच्या रूपात सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून पाणी चांगले खेळते ठेवावे. मासा त्यात ५ मिनिटे ठेवावा. पहिल्या काही क्षणांत तो आडवा पडल्यासारखा करतो किंवा भांड्यात सुसाट धावतो, हे अपेक्षित आहे. पण तोल पूर्णपणे सुटून श्वास मंदावला तर लगेच बाहेर काढावा. फ्लूक असतील तर मिनिट-दोन मिनिटांत अंगावर, विशेषतः डोळ्यांवर, तिळाएवढे पांढरे दाणे उमटू लागतात, कारण गोड्या पाण्याने कृमी अपारदर्शक होतात. मग ते गळून काळ्या तळावर साचतात. मखमली रोगाचे परजीवीही बरेचसे सुटतात आणि श्वास काही काळ हलका होतो. त्वचेखालच्या पांढऱ्या ठिपक्यांवर बुडीचा परिणाम होत नाही. बुडी हा पूर्ण उपचार कधीच नसतो. तिने केवळ वेळ मिळतो.

उपचाराची टाकी

मुख्य टाकीत औषध घालू नये. तांबे आणि फॉर्मलिन प्रवाळ, शंख, कोळंबी यांना मारतात, आणि तांबे वाळूत व दगडांत शोषले जाऊन त्याची पातळी कधीच स्थिर राहत नाही. म्हणून उघड्या तळाची वेगळी टाकी हवी: लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक हीटर, जोरकस हवा आणि आधीपासून जीवाणू बसलेला स्पंज फिल्टर. कार्बन आणि अतिनील यंत्र काढून टाकावे, कारण कार्बन औषध शोषून घेते आणि अतिनील किरणांनी काही औषधे विघटित होतात. या टाकीत मासे रोगापेक्षा अमोनियाने जास्त सहज मरतात, तेव्हा रोज चाचणी करावी आणि पाणी बदलताना नव्या पाण्यात औषधाचे तेच प्रमाण आधीच मिसळून घ्यावे. तांबे चालू असताना अमोनिया निष्प्रभ करणारे द्रव घालू नयेत. त्यांच्यामुळे तांब्याचे रूप बदलून ते माशांना अधिक विषारी होऊ शकते.

कोणत्या परजीवीला काय

पांढरे ठिपके आणि मखमली रोग या दोन्हींवर तांबे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. आयनिक (पाण्यात मोकळ्या रूपात असलेल्या) तांब्याची पातळी लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम आणि चिलेटेड (दुसऱ्या रेणूशी बांधलेल्या) तांब्याची साधारण २.० ते २.५ मिलिग्रॅम ठेवतात. दोन्हींचे आकडे दसपटीहून अधिक वेगळे आहेत, हे न पाहता मात्रा दिली तर एका बाजूला मासा मरतो आणि दुसऱ्या बाजूला परजीवी जगतो. तेव्हा बाटलीवरील प्रकार आणि त्या प्रकाराला चालणारा चाचणी संच, दोन्हींची खात्री आधी करावी. पातळी दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने चढवावी, सुरुवातीला दिवसातून दोनदा मोजावी आणि ठरलेल्या मर्यादेत सलग ३० दिवस ठेवावी. तांबे केवळ पोहणाऱ्या पिल्लांना मारते. त्वचेतील परजीवी आणि कोश त्याला दाद देत नाहीत. म्हणून मध्येच एक दिवस पातळी खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागते. शार्क, रे आणि मँडरिन या माशांना तांबे सोसत नाही.

मखमली रोगात मासा धापा टाकत असेल, तर सूक्ष्मदर्शकाच्या शोधात दिवस घालवू नये: बुडी द्यावी आणि थेट तांब्याच्या टाकीत न्यावे. तांब्याला पर्याय म्हणजे क्लोरोक्विन फॉस्फेट, लिटरमागे १० ते १५ मिलिग्रॅम. ते शुद्ध भुकटीच्या रूपातच वापरावे, माणसांच्या गोळ्या कुटून नव्हे, आणि शक्यतो पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच. उजेडाने ते निष्प्रभ होते, म्हणून टाकी अंधारी ठेवावी. घरी त्याची पातळी मोजता येत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे.

केवळ पांढरे ठिपकेच आहेत याची खात्री असेल, तर औषधाविना दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग टाकी बदलण्याचा. दर ७२ तासांच्या आत मासा पूर्ण कोरड्या केलेल्या आणि नवे पाणी भरलेल्या टाकीत हलवायचा, अशा चार बदल्या सुमारे १२ दिवसांत करायच्या. माशावरून उतरलेला परजीवी जुन्या टाकीत कोश करून राहतो आणि पिल्ले निघण्याआधी मासा तिथून गेलेला असतो. मागे राहिलेली टाकी आणि सर्व साहित्य पूर्ण वाळवावे, कारण कोरडेपणात कोश मरतात. तांब्याला नाजूक असलेल्या माशांसाठी हाच मार्ग अधिक चांगला. मखमली रोग, ब्रुकलिनेला आणि फ्लूक यांच्याविरुद्ध मात्र त्यावर विसंबता येत नाही.

दुसरा मार्ग क्षारता उतरवण्याचा. साधारण ४८ तासांत विशिष्ट गुरुत्व (क्षारता दाखवणारी पाण्याची सापेक्ष घनता) १.००९ वर आणून तिथे ३० दिवस ठेवावे. यासाठी नीट जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजणारे उपकरण) अनिवार्य आहे, कारण १.०११ किंवा १.०१२ वर परजीवी निभावून नेऊ शकतो. परजीवीचे काही वाण तर कमी क्षारतेतही टिकतात. सामू रोज पाहावा. पातळ झालेल्या पाण्यात तो लवकर घसरतो. हा उपाय आणि तांबे एकाच वेळी कधीही करू नये. क्षारता परत वाढवताना घाई नको, आठवडाभर घ्यावा.

ब्रुकलिनेलासाठी फॉर्मलिनचे स्नान लागते: ३७ टक्के द्रावण, १० लिटर खाऱ्या पाण्याला १.५ ते २ मिलिलिटर, ४५ ते ६० मिनिटे, भरपूर हवेसह. फॉर्मलिन प्राणवायू घटवते, म्हणून पाणी २७ अंशांपेक्षा गरम नसावे. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ती बाटली टाकून द्यावी, कारण तो साका माशाला जास्त विषारी असतो. फॉर्मलिन माणसालाही कर्करोगकारक आहे. हातमोजे घालावेत आणि काम मोकळ्या हवेत करावे. स्नानानंतर मासा जुन्या टाकीत न सोडता स्वच्छ टाकीत न्यावा आणि दोन-तीन दिवसांनी स्नान पुन्हा द्यावे. फॉर्मलिन मिळत नसेल तर मेट्रोनिडॅझोल, लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम, दर ४८ तासांनी १० ते १४ दिवस, हा सौम्य पर्याय आहे. युरोनेमा वरवरचा असेल तर हेच उपाय करून पाहावेत.

फ्लूकवर प्राझिक्वांटेल, लिटरमागे २ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला २०० ते २५० मिलिग्रॅम. भुकटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ती थोड्या इथेनॉलमध्ये कालवून घ्यावी. अंडी या औषधाने मरत नाहीत, म्हणून ५ ते ७ दिवसांच्या अंतराने दुसरी, आणि प्रादुर्भाव जास्त असेल तर तिसरी मात्रा द्यावी लागते. मासे दिवस-दोन दिवस कमी खातात, तेवढे चालते.

मुख्य टाकीचे काय

सर्व मासे बाहेर काढल्याशिवाय मुख्य टाकीतील परजीवी जात नाहीत. एक छोटा गोबी मागे राहिला तरी चक्र चालू राहते. पांढऱ्या ठिपक्यांसाठी टाकी ७६ दिवस मासेविरहित ठेवण्याचा प्रघात आहे, आणि तो ७२ दिवसांच्या नोंदीवर थोडी भर घालून आलेला आहे. पाणी २७ अंशांच्या आसपास ठेवल्यास ४५ दिवस पुरतात असे मानणारेही आहेत, परंतु मासे महाग आणि उपचार कष्टाचे असताना महिनाभर वाचवण्यासाठी हा धोका पत्करणे पटत नाही. मखमली रोगासाठी सहा आठवडे पुरतात. या काळात प्रवाळ, शंख, कोळंबी तिथेच राहू द्यावेत. परजीवी त्यांच्या अंगावर पोसला जात नाही, मात्र कवचावर किंवा प्रवाळाच्या बुडख्यावर कोश चिकटून येऊ शकतात. म्हणून नवे प्रवाळही तितकेच दिवस मासे नसलेल्या भांड्यात ठेवणे योग्य.

उपचार संपल्यावर मासे औषधविरहित पाण्यात आणखी दोन आठवडे निरीक्षणाखाली ठेवावेत, कारण तांब्याच्या टाकीत दबलेले फ्लूक आणि उरलेसुरले परजीवी याच काळात वर येतात. दोन आठवड्यांत श्वास नेहमीच्या आकड्यावर राहिला, अन्न व्यवस्थित सुरू असले आणि एका बुडीत पांढरे दाणे पडले नाहीत, तर मासे मुख्य टाकीत हलवावेत. त्यांच्याबरोबरचे पाणी मात्र टाकीत ओतू नये.